बोलण्याआधीची खरखर

“चहात साखर” एवढं म्हणून बाबांचा आवाज थांबला. बाबा टेबलापाशी बसले होते, टॅबच्या काचेवर टेकवलेलं बोट त्यांनी अजून उचललंही नव्हतं. गॅसपाशी पाठमोरी उभी असलेली आई पुढचे शब्द येतील म्हणून गाळणं हातात धरून थबकली. मुलगी बेसिनपाशी दात घासत होती, तिचा हात तसाच राहिला. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटातून ‘टक्’ असा आवाज आला. मग पुन्हा एकदा, तितकाच कोरडा. मग कुठे “कमी आहे” हे उरलेले शब्द आले, नेहमीच्याच सुरात, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. “काय हो, मध्येच डुलकी लागली का?” आई म्हणाली आणि साखरेच्या डब्याकडे वळली. बाबांनी खांदे उडवले. एका श्वासाएवढीच ती फट, पण मुलीला तोंडातला फेस एकाएकी कडू लागला. तो ‘टक्’ तिला ओळखीचा होता, संगणकाच्या डिस्कचा. फिरत्या तबकडीवरून अक्षरं उचलणारी सुई वाट चुकली की मूळ जागी परत जाते, तिथून पुन्हा निघते, पुन्हा चुकते. माणूस घरातून निघून अर्ध्या रस्त्यात काय आणायचं होतं तेच विसरतो आणि परत दारापर्यंत येतो, तसं. अशी डिस्क फार दिवस काढत नाही.

बाबांच्या गळ्यातला आवाज जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाजीबाजारात जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस. त्यांचं ‘एकवार, दोनवार’ फाटकाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू जायचं. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई रडली, आणि मुलीने, जिची पदवी नुकतीच हातात आली होती, एक माइक विकत आणला. रडण्यापेक्षा काहीतरी मोजण्याजोगं करावं, असा तिचा स्वभावच. लहानपणी ताटातल्या भाकरीचा व्यास पट्टीने मोजला होता म्हणून बाबांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं, आणि हल्ली ती एका प्रयोगशाळेत दिवसभर तापमापकं तपासायची, तेव्हा त्या नावाने नोकरीच लावून दिली असं आई म्हणायची. ऑपरेशनच्या आधी तिने झोपायच्या खोलीची खिडकी गादी लावून बंद केली, कॉटवर बाबांना बसवलं आणि त्यांचा आवाज गोळा केला. पाणी हवंय. दुखतंय. पंखा लावा. बाबांनी थोडी वाक्यं वाचली आणि कागद खाली ठेवला. “मी काय यापुढे नुसता आजारीच राहणार आहे का गं?” मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली आणि ती भराभर माइक सरकवत राहिली. भाव फार लावलास. हा टोमॅटो कालचा आहे. तुझी आई कुठे गेली? वेडी आहेस का? गप्प बस, मॅच चालू आहे. शेवटी तिने हट्टाने बाराखडी म्हणायला लावली, म्हणजे यादीत नसलेला एखादा शब्द कधी लागलाच तर तुकडे जोडून बनवता येईल. “या वयात बाराखडी!” बाबा म्हणाले, पण सगळी म्हटली. जोडलेले शब्द मात्र दारू प्यायल्यासारखे लडखडत येत. बाबांनी ते एकदा ऐकून हात झटकले आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. गळ्याला लावून बोलायचं यंत्रही त्यांनी असंच बाजूला ठेवलं होतं. त्यातून मधमाशी बोलते, बाबा नाही, असं आईचं मत पडलं होतं.

ही सगळी वाक्यं आता चपलांच्या कपाटातल्या छोट्या संगणकावर होती. बाबा टॅबवर वाक्य निवडत, कपाट ते शोधून पाठवी, टॅब बोले. पुढे दवाखान्याच्या बाकावर भेटलेले शिंपीकाका त्यात आले, मग शाळेतल्या बाई, मग त्यांच्या ओळखीचे आणखी दोघेतिघे. ऑपरेशनच्या आधी जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात ज्याने त्याने आपला आवाज भरून ठेवला होता. शिंपीकाका त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला “हात वर करा” म्हणत, तेही या कपाटातून. जुन्या चपला, एक मोडकी छत्री आणि पाचसहा माणसांचे गळे, असं ते कपाट होतं. मुलीने त्यात एकसारख्या दोन डिस्क लावल्या होत्या, एकीवर जे उमटे ते दुसरीवरही उमटे. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आणलेल्या. तेव्हा तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. जुळ्या, ती सगळ्यांना सांगायची. आता ती ब्रश धुवून कपाटापुढे उकिडवी बसली, मांडीवरच्या लॅपटॉपवर डिस्कची तब्येत उघडली, आणि आपली चूक तिला भिंतीवर लिहिल्यासारखी दिसली. एक टकटक करत होती ती होतीच, पण दुसरीवरही जागोजाग न वाचता येणारे डाग पडले होते. एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच कपाटात त्याच उकाड्यात तेवढंच फिरलेल्या. एकसारख्याच म्हाताऱ्या होणार, दुसरं काय? तपासायच्या तापमापकाशी त्याच खोक्यातलं तापमापक ताडून बघू नये, हे ती नव्या मुलांना कामावर शिकवायची. घरी मात्र तिने नेमकं तेच केलं होतं.

तिच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह होता. तिसरी प्रत. तिने तो लावला. नावं सगळी दिसत होती. उघडू गेल्यावर मात्र काही वाक्यं निघत, काही नुसती सुं करत, काहींत काहीच नसे. या जातीच्या वस्तूत अक्षरं म्हणजे सूक्ष्म डब्यांत कोंडलेली वीज असते, आणि वर्षानुवर्षं कुणी विचारपूस केली नाही तर ती हळूहळू झिरपून जाते. हे तिला माहीत होतं. अधूनमधून लावून बघायला हवा होता, हेही माहीत होतं. तिने तो लावला नव्हता, कारण प्रत बरोबर आहे की नाही हे बघायचं तर ऐकायला हवं, आणि ऐकायचं तर ती दुपार पुन्हा यायची, खिडकीला लावलेल्या गादीचा कापसाचा वास, बाबांच्या कपाळावरचा घाम. आई आतून म्हणाली, “काय झालंय गं? तोंड का असं?” “काही नाही,” ती म्हणाली. मग टेबलापाशी आली आणि म्हणाली, “बाबा, डिस्क जातेय. दोन्ही.” बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कपाट खरखरलं, एकदा टक् झालं, आणि आवाज आला, “भाव काय?” “भावाचं नाही हो. वाचवता येईल का ते बघते.” पुन्हा खरखर. “जा, जा. उशीर करू नकोस.” हे वाक्य मुळात तिच्या कॉलेजच्या सकाळींचं होतं.

दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो कुठल्याही मशीनला आधी कान लावायचा. त्याने काउंटरवर तीन खोकी मांडली. “ही फिरणारी. जुन्या घराण्यातली. आवाज करते, तापते, सावकाश आहे, पण जायच्या आधी कुरकुर करून सांगते. ही दुसरीही फिरणारीच, जागा भरपूर, पण हिच्यात ओळी एकमेकींवर चढवलेल्या असतात, कौलांसारख्या. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलून पुन्हा बसवावी लागतात. आणि ही एसएसडी. हिच्यात फिरत काहीच नाही. मागितलं की हजर. ही कधी बोलणार नाही बघा, ताई.” तो हसला. “मरताना तर मुळीच नाही. सकाळी उठाल आणि संपलेलं असेल.” तिने कौलांची डिस्क हातात घेतली. रिकामीच होती, पण तिला ती जड वाटली. आपलं डोकं बहुधा या जातीचं, तिच्या मनात आलं. एक आठवण काढायला जावं तर शेजारच्या हलतात, आणि परत ठेवताना कुठलीच होती तशी बसत नाही. बाबांचा खरा आवाज, गादीने खिडकी बंद करण्याआधीचा, बाजारातला, जेवताना खिडकीतून कुणाला तरी हाक मारणारा, तो तिला आताशा आठवतच नव्हता. आठवायला गेलं की टॅबमधलंच वाक्य वर येऊन बसे. ‘मोजपट्टी’ अशी हाक तिने फक्त एकदाच भरून घेतली होती, त्या दुपारी, दमलेल्या घशातून निघालेली, शेवटाला किंचित खाली उतरणारी. तेव्हापासून बाबा तिला त्याच एका दुपारच्या आवाजात हाक मारत आले होते. सकाळी चहाला बोलवायलाही, रागावतानाही, तिला बढती मिळाली त्या संध्याकाळीही. नुसता हाकेचा सूर ऐकून कोणी सांगू शकलं नसतं की घरात आनंद आहे की काळजी.

“कुठली देऊ?” डॉक्टरने विचारलं. “काय ठेवायचंय हिच्यावर? लग्नाचं शूटिंग?” “माणसं बोलतात त्यावरून,” ती म्हणाली, आणि तिने थोडक्यात सांगितलं. डॉक्टरने कौलांची डिस्क तिच्या हातातून काढून मागे ठेवून दिली. “मग एकीवर विसंबू नका. एक ही घ्या, एक ती घ्या. फिरणारीसुद्धा दुसऱ्या कंपनीची देतो. एक पडलीच तर दुसरी तिच्याबरोबर पडायला नको.” हे तिला सुचायला हवं होतं. पण आज सकाळपासून तिने ‘हवं होतं’ हे शब्द इतक्यांदा मनात म्हटले होते की आता ते बोथट झाले होते, आणि त्या बोथटपणात तिला थोडं हलकंच वाटलं. तिने एसएसडी घेतली आणि दुसऱ्या कंपनीची फिरणारी घेतली. जिन्याखालून ती उन्हात आली तेव्हा पिशवीतली एक वस्तू जड होती आणि एक अगदीच हलकी.

घरी आल्यावर तिने सगळ्यांना कळवलं की दुपारभर आवाज बंद राहील. कपाटातलं ओझं कमी व्हावं, डिस्कने फक्त एकच काम करावं, हळूहळू सगळं नव्या जागी न्यावं, म्हणून बंद. शिंपीकाकांनी उत्तर पाठवलं की हरकत नाही, आज खुणेने मापं घेतो. बाबांना हे सांगणं मात्र जड गेलं. “परत येईल ना?” आईने विचारलं, आणि बाबांकडे न बघता विचारलं. “बहुतेक सगळं येईल.” “बहुतेक म्हणजे?” “म्हणजे बहुतेक, आई.” आई पदराला हात पुसत बाबांसमोर येऊन बसली. “मग बोला काहीतरी. बंद व्हायच्या आधी.” बाबांचं बोट काचेवरून फिरत राहिलं. मुलीला वाटलं, आता काहीतरी येणार, आणि ते ऐकायची आपली तयारी नाही. कपाट खरखरलं. “दाराला कडी लावा,” बाबांचा आवाज म्हणाला. आई आधी रागावली, मग हसू आवरेना म्हणून तोंडावर हात धरून आत निघून गेली. मुलीने कपाटातला सर्व्हर थांबवला.

दुपारभर घर विचित्र वाटलं. ती पॅसेजमध्ये फरशीवर बसून होती, मांडीवर लॅपटॉप. टकटक करणारी डिस्क तिने बाजूला काढून ठेवली होती, दुसरी सावकाश नव्यांना सगळं सांगत होती. नावांच्या ओळी वर सरकत. भाव फार लावलास. तुझी आई कुठे गेली? मग एखाद्या डागापाशी सगळं अडकून राही. आतून बाबा आणि आईचं चाललं होतं, म्हणजे आईचं चाललं होतं आणि बाबा टेबलावर बोटांनी ठोकून हो-नाही करत होते. “अहो, हो ला एक की दोन?” ठक. “मग मघाशी दोनदा का वाजवलं?” ठक ठक. “कळलं. माझंच चुकलं, नेहमीसारखं.” मुलीच्या लक्षात आलं की आपण हसतोय. दुसऱ्या डिस्कचं निघेल तेवढं झाल्यावर तिने राहिलेल्या वाक्यांसाठी पहिली, टकटक करणारी, थोडा वेळ गार होऊ देऊन लावली. आणि जे तिने अपेक्षिलं नव्हतं ते झालं. दुसरीने ज्या जागी हात टेकले होते, तिथलं पहिलीला येत होतं. वेडी आहेस का, आलं. शिंपीकाकांचं ‘बाही लांब ठेवू का’ आलं. एका खोक्यातल्या, एका कपाटातल्या, तरी दोघींची दुखणी वेगळ्या जागची निघाली. ती भिंतीला डोकं टेकून बसली. सगळं आपल्या हिशेबाप्रमाणे बिघडत नाही, ही गोष्ट तिला आधी कुणी सांगितली असती तर तिने पुरावा मागितला असता.

एकच वाक्य कुठेच निघेना. दोन्ही डिस्कवर तोच डाग. पेन ड्राइव्हवर नाव होतं, आत काही नव्हतं. वाक्य नव्हेच ते, एक शब्द होता. मोजपट्टी. तिने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, मग डिस्क उताणी ठेवून केला, मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दुसऱ्यांची माणसं पूर्ण आली होती. शाळेतल्या बाईंचं हसणंसुद्धा आलं होतं. गेली ती एक हाक. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते निराळंच काहीतरी, भिंतीवरचं घड्याळ बंद पडल्यावर खोली जरा मोठी वाटते, तसं. त्याचीही तिला भीती वाटली. तिने कोणाला काही सांगितलं नाही.

ऊन कलायच्या आत सगळं मार्गी लागलं. वाचायचं काम तिने एसएसडीला दिलं, फिरणारीने नुसतं मागे राहून उतरवून घ्यायचं. बाबांनी बोट टेकवलं आणि काच सोडायच्या आधी आवाज आला, “चहा कर.” आई दचकून ओट्याला आपटली. “अगं बाई! केवढ्यांदा!” आवाज तेवढाच होता. मुलीने मोजूनही दाखवलं असतं. आई सांगू लागली की शेजारच्या वहिनी आल्या होत्या आणि मध्येच बाबांचा आवाज आला, “हा टोमॅटो कालचा आहे,” आईने पुन्हा सुरू केलं की वहिनी म्हणाल्या, तोच पुन्हा बाबांचा आवाज, “तुझी आई कुठे गेली?” “इथेच आहे मी, मेली नाही अजून! मला बोलू द्याल का?” बाबांनी दोन्ही हात वर केले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दोघं एकमेकांवर आदळली. घरात दोन माणसं अंधारात एकाच दारातून जाऊ पाहत असावीत, तसं चाललं होतं. मुलगी त्रासून कपाटाकडे गेली. काही बिघडलं नव्हतं, सगळं विजेसारखं चालू होतं. आणि तिथे, चपलांच्या वासात उकिडवी बसल्यावर, तिला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. खरखर नव्हती. इतकी वर्षं बाबांचं वाक्य यायच्या आधी कपाट खरखरायचं, डिस्क शोधाशोध करायची, आणि तेवढ्यात आई नळ बंद करायची, ती स्वतः वर बघायची, पाहुणेसुद्धा नकळत थांबायचे. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. त्या खरखरीतून बाबा खाकरत होते. पूर्वी लिलावाला उभे राहिल्यावर, पुकारा करायच्या आधी खाकरायचे तसे. ते खाकरणं तिने यादीत घातलं नव्हतं, माइकने घेतलं नव्हतं, आणि तरी ते घरात राहिलं होतं. आणि ते तिला आठवलंही, आता, बाजारातलं, ओल्या पोत्यांच्या वासासकट, बाबांचं खरं खाकरणं आणि मागोमाग सगळा गलका एकदम खाली बसणं. ती बाबांचं बोट धरून उभी होती. त्यांचा हात खरबरीत होता. कौल न हलवता एक आठवण हाती आली होती.

सर्व्हरला दिलेल्या सूचनांत बदलायची फक्त एक ओळ होती. वाचायचं काम तिने फिरणाऱ्या डिस्ककडे दिलं. एसएसडी मागे, गुपचूप, सगळं उतरवून घेत राहील, ती राहू दे. प्रयोगशाळेत कुणी विचारलं असतं की वेगवान वस्तू हाताशी असून सावकाश वस्तू पुढे का केलीस, तर तिला आलेखात दाखवता आलं नसतं. ती उठली, पाय झिणझिणले. स्वयंपाकघरात बाबा टॅबवर वाकले होते, चष्मा नाकावर घसरलेला, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा बोट आपटत होते. तिला कुठली जागा ते इथूनही कळलं. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “ते गेलं, बाबा,” ती म्हणाली. “बाकी सगळं आहे. तेवढंच नाही निघालं.” आईने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि नळ सोडून मुकाट्याने कप विसळायला लागली. बाबांनी चष्मा वर ढकलला आणि टॅबचं ते पान उघडलं जे त्यांनी एकदा उघडून कायमचं मिटलं होतं. एक बोट हळू हिंडू लागलं, शाळेतल्या पोरासारखं, म सापडेना म्हणून वर गेलं, खाली आलं. मुलगी दारात उभी राहिली. मदत करायला तिचे हात शिवशिवत होते. तिने ते पाठीमागे धरले.

कपाटात खरखर झाली. नवीच खरखर, जरा जाड आवाजाची, पण खरखरच. आईने न बघता नळ बंद केला. “बोला,” ती म्हणाली.

“मो,” बाबांचा आवाज म्हणाला. खरखर. “ज.” मग बराच वेळ काहीच नाही. “प.” मग “टी,” आणि हे टी कुठल्या तरी निराळ्याच उंचीवरून पडलं, वर चढत जाऊन प्रश्न विचारल्यासारखं, हसू दाबल्यासारखं. तुकडे एकमेकांना धड चिकटलेले नव्हते. त्यात ती दुपार नव्हती. अशी हाक तिला आजवर कुणीच मारली नव्हती.

बाबा चष्म्यावरून बघत वाट पाहत होते.

“ओ,” ती म्हणाली.